आमिष, गळ आणि तलाव : प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्याच्या पोटातून बारमाही वाहणारी एकही मोठी नदी जात नाही. बालाघाटच्या पठारावरचा हा मुलूख गोदावरी आणि कृष्णा या दोन खोऱ्यांच्या दुभाजकावर वसलेला असून मांजरा व तेरणा यांचे पाणी गोदावरीकडे, तर सीना व बोरी यांचे पाणी भीमेवाटे कृष्णेकडे जाते. येथले बहुतेक प्रवाह उगमाजवळचे, अरुंद आणि पावसाळ्यापुरते असल्यामुळे पाणी हवे असेल तर ते अडवावेच लागते, ही गोष्ट या भागाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून मराठवाड्यात गावोगाव पाझर तलाव, म्हणजे साठलेले पाणी जमिनीत मुरवून आसपासच्या विहिरींना पुरवणारे मातीचे बांध, तयार झाले. आज माकणीचा निम्न तेरणा, परंड्याकडील सीना-कोळेगाव, चांदणी व खासापूर, नळदुर्गजवळचा कुरनूर असे नावाजलेले प्रकल्प सोडले तरी लहानमोठे मिळून दोनशेहून अधिक जलसाठे जिल्ह्यात आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य इतके लहान आहेत की एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जावी.

या लहान पाण्यांवर गळाने मासे धरण्याची विद्या हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. जाळ्याची मासेमारी हा भोई आणि कोळी समाजांचा पिढीजात व्यवसाय असून त्यावर सरकारी व अभ्यासकी लेखन पुष्कळ झाले आहे; गळाची मासेमारी मात्र गुराखी पोरांचा वेळ घालवण्याचा खेळ किंवा शहरी हौशी माणसाचा छंद एवढ्यावरच सोडून दिली गेली. प्रत्यक्षात तिच्यात पाण्याचे, माशाच्या तोंडाचे, ऋतूचे आणि वाऱ्याचे इतके बारकाईचे निरीक्षण गुंतलेले आहे की तिला विद्या म्हणण्यात कसलीही अतिशयोक्ती नाही. कोणते आमिष लावावे आणि कोणते साहित्य वापरावे हा प्रश्न वरवर दुकानातला वाटतो. पण त्याचे उत्तर तलावाच्या काठावर, तळाच्या मातीत आणि माशाच्या जबड्यात सापडते, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या विद्येचा एक अतिशय जुना सविस्तर लेख ज्या ग्रंथात आढळतो, तो धाराशिवच्या अगदी शेजारी रचला गेला, ही बाब या जिल्ह्याच्या वाचकाला विशेष जवळची वाटावी. उमरगा तालुक्याच्या सीमेपलीकडे थोड्याच अंतरावर असलेले कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी होती आणि तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ज्ञानकोश बाराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकातला आहे. राजाच्या करमणुकींचे वर्णन करणाऱ्या त्याच्या भागात ‘मत्स्यविनोद’ या नावाचे प्रकरण येते. त्यात माशांची विभागणी समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, लहान व मोठे अशी केलेली असून कोणत्या माशाला काय खाऊ घालून एका जागी जमवावे आणि मग गळ कसा टाकावा याचा विचार आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्लंडमधील गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील ग्रंथ १४९६ चा आणि आयझॅक वॉल्टनचे सर्वज्ञात पुस्तक १६५३ चे आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे कल्याणच्या या प्रकरणाचे मोल कळते. माशाला आधी चारा टाकून ठरावीक ठिकाणी सवय लावायची आणि त्याच चाऱ्यात गळ दडवायचा, हे त्यातले तत्त्व आजही तेरणेच्या काठावर पेंडीचा गोळा टाकणाऱ्याच्या हातात जसेच्या तसे आहे.

त्यानंतरचा मोठा टप्पा ब्रिटिश काळातला आहे. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली भारतातील गळाच्या मासेमारीवर एक विस्तृत पुस्तक लिहिले. त्याचा भर डोंगरी नद्यांतल्या महसीरवर, म्हणजे मोठ्या खवल्यांच्या बलवान नदीमाशावर, होता. पुढे १८८७ साली त्याने केवळ तळी आणि तलाव यांवरच्या मासेमारीचे वेगळे पुस्तक काढले, कारण महसीरच्या नदीपर्यंत जाणे ज्यांना शक्य नाही अशा माणसांना गावाजवळच्या पाण्यातही खेळ मिळू शकतो हे त्याला दाखवायचे होते. धाराशिवच्या दृष्टीने हे दुसरे पुस्तक अधिक मोलाचे आहे. तरीही हौशी मासेमारीच्या परंपरेत महसीरचाच मान राहिला आणि तलावाकडे कायम दुय्यम नजरेने पाहिले गेले. मुंबईत पवई तलावावर हौशी गळकऱ्यांची संघटना उभी राहिली, लोणावळ्याजवळ टाटांच्या जलाशयांवर महसीरच्या संवर्धनाचे काम झाले. मराठवाड्यातील तलाव या नकाशावर आलेच नाहीत.

दरम्यान तलावातले मासेच बदलले. कटला, राहू आणि मृगळ हे तीन मासे गंगेच्या खोऱ्यात मुबलक असणारे आणि वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीण करत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी माशांच्या मेंदूतील पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले, त्यामुळे बीज, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, केंद्रात तयार करून देशभरच्या तलावांत सोडणे शक्य झाले. त्याच सुमारास सायप्रिनस हा परदेशी मासा आणि १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, ज्याला मराठी बाजारात चिलापी म्हणतात, हेही पसरले. आजच्या धाराशिवच्या तलावात गळकऱ्याला म्हणूनच दोन वेगळी गोत्रे भेटतात. पहिल्यात वर सांगितलेले सोडलेले मासे येतात, जे बहुतांशी दाणे, शेवाळ, गाळ व कीटक खातात. दुसऱ्यात मूळचे शिकारी मासे येतात, ज्यांत मरळ, वाम, शिंगाडा ही नावे मुख्य. आमिषाची आणि साहित्याची सगळी विभागणी शेवटी या दोन गोत्रांवर येऊन ठेपते.

पहिल्या गोत्रासाठी जी परंपरा वाढली तिला पेंडीचा संप्रदाय म्हणता येईल. शेंगदाणा किंवा करडईची पेंड, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा आणि कणीक हे तिचे घटक, आणि हे सारे घरात किंवा गोठ्यात आधीच असते. पेंड कुटून चाळायची, रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी तिला किंचित आंबूस वास सुटला की कणकेत मळायची. कणीक जास्त झाली तर गोळा रबरासारखा होतो आणि पाण्यात वास सोडत नाही, कमी झाली तर फेकतानाच गळावरून सुटतो. चांगला गोळा पाण्यात पडल्यावर वीसेक मिनिटांत हळूहळू विरघळायला हवा, कारण मासा गोळ्यापाशी येतो तो विरघळणाऱ्या कणांच्या मागे. येथे माशाच्या तोंडाची रचना निर्णायक ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले, म्हणून तो वरच्या व मधल्या थरात चरतो आणि त्याचे आमिष तरंगत ठेवावे लागते. राहूचे ओठ जाड व झालरीसारखे, तो मधल्या थरात आणि झाडोऱ्याच्या कडेने फिरतो. मृगळ तळाचा गाळ चाळतो. सायप्रिनस तोंड नळीसारखे पुढे काढून चिखल उकरतो. या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशातल्या दातांनी अन्न भरडतात, म्हणून आमिष ते चावत नाहीत, ओढून घेतात आणि न रुचल्यास तितक्याच वेगाने थुंकतात. तरंगणे, म्हणजे आमिष ठरावीक खोलीवर टांगून ठेवणारा व माशाची हालचाल वर दाखवणारा हलका तुकडा, मोरपिसाच्या देठाचे का चांगले, याचे कारण या थुंकण्यात आहे: जाड तरंगणे बुडेपर्यंत मासा आमिष सोडून गेलेला असतो.

याच संप्रदायात अलीकडे तारेच्या गुंडाळीभोवती पेंड थापून तिच्याभोवती पाच-सहा गळ लोंबते ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. गुंडाळीतून सुटणारे कण ओढताना मासा सुटा गळही ओढतो, त्यामुळे नवख्यालाही मासा मिळतो. ही पद्धत परिणामकारक आहे यात शंका नाही; मात्र तिच्यात मासा पुष्कळदा तोंडाऐवजी कल्ल्यात, पोटाला किंवा परात अडकतो, दोरी तुटल्यास पाच गळ अंगावर घेऊन तो मरतो, आणि लहान मासा सोडून द्यायचा म्हटले तरी तो जगण्याजोगा राहत नाही. एका गळाची, नेमक्या आकाराची आणि हाताला माशाची जाणीव देणारी मांडणी शिकायला वेळ लागतो, पण लहान तलावासाठी तीच योग्य आहे, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

दुसरा संप्रदाय जिवंत आणि मांसल आमिषाचा. वाम हा सापासारख्या लांबट अंगाचा काटेरी मासा दिवसा बांधाच्या दगडांत दडून राहतो आणि अंधार पडल्यावर गांडुळाच्या वासाने बाहेर येतो. शिंगाड्याच्या मिशा त्याला गढूळ पाण्यातही अन्नाचा माग देतात. गांडूळ, झिंगे, लहान मासोळी, कोंबडीचे आतडे ही या संप्रदायाची आमिषे असून साहित्य अगदी साधे असते: बांबूची काठी, तंगूस म्हणून ओळखली जाणारी नायलॉनची एकेरी दोरी, एक शिशाचा तुकडा आणि एक गळ. एका लांब दोरीला थोड्याथोड्या अंतरावर गळ बांधून ती रात्रभर पाण्यात सोडून ठेवण्याची रीतही याच घराण्यातली. ती पोटासाठी मासे धरणाऱ्याची आहे, आणि तिचा विचार हौशी मासेमारीच्या मापाने करणे योग्य होणार नाही. जिवंत बेडकाचा वापर मात्र सर्वांनीच सोडून द्यावा असा आहे. भारतातून बेडकांचे पाय परदेशी पाठवण्यासाठी इतके बेडूक मारले गेले की १९८७ साली ती निर्यात बंद करावी लागली, आणि शेतातील किडी खाणाऱ्या या प्राण्याची जागा घेणारे उत्तम कृत्रिम आमिष आता हाताशी आहे.

त्या कृत्रिम आमिषाचा संप्रदाय सर्वांत नवा असून त्याचे मूळ अमेरिकेत आहे. तेथील शेततळी आणि लहान सरोवरे यांत बास नावाचा शिकारी मासा आढळतो. पाणवेलींच्या कडेला दबा धरून बसायचे आणि जवळून जाणाऱ्या जीवावर झडप घालायची हा त्याचा स्वभाव असल्याने त्याच्याभोवती लाकडी बेडूक, धातूचा चमचा, मऊ प्लॅस्टिकचा किडा अशा आमिषांचा प्रचंड उद्योग उभा राहिला. १८८१ साली जेम्स हेन्शल याने केवळ या माशावर ग्रंथ लिहिला आणि त्यानंतर लहान पाण्यावरच्या मासेमारीचे तंत्र मुख्यतः बासच्या निमित्ताने विकसित झाले. धाराशिवच्या तलावात बास नाही, परंतु मरळ आहे, आणि दोघांचे कुळ पूर्णपणे वेगळे असूनही शिकारीची रीत आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे. म्हणूनच बाससाठी घडवलेला पोकळ रबरी बेडूक मरळीवर तितकाच लागू पडला आणि गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील तरुणांच्या हाती रीळ, म्हणजे दोरी गुंडाळण्याची फिरकी, बसवलेल्या काठ्या दिसू लागल्या.

मरळ हा या पुस्तकाचा नायकच म्हणावा लागेल. तेलंगणाने ज्याला आपला राज्यमासा मानले, तो हा मासा हवेतील प्राणवायू घेऊ शकतो. डोक्यातील विशेष पोकळीमुळे त्याला अधूनमधून पृष्ठभागावर येऊन श्वास घ्यावाच लागतो, आणि पाणी आटले तरी ओल्या चिखलात तो तग धरतो. दुष्काळी जिल्ह्याच्या तलावासाठी याहून योग्य मासा नाही. पाणवेलींच्या थराखालून त्याचा श्वास घेण्याचा बुडबुडा दिसला की त्या जागेच्या पुढे दोन हात रबरी बेडूक टाकून तो वेलींवरून थांबत थांबत ओढायचा; या बेडकाचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले असल्याने तो वेलीत अडकत नाही, आणि माशाने जबडा मिटला की पोकळ रबर दबून टोके बाहेर येतात. पाणी फुटते, बेडूक नाहीसा होतो, आणि नेमक्या याच क्षणी नवख्याच्या हातून मासा जातो, कारण तो लगेच झटका देतो. मरळीने बेडूक तोंडात वळवून खाली नेईपर्यंत एक दमभर थांबणे आवश्यक असते. तिचा जबडा कठीण हाडाचा असल्याने काठी ताठ हवी, वेलींतून तिला बाहेर ओढायचे असल्याने दोरी अनेक धाग्यांची विणलेली, न ताणणारी हवी. राहू-कटल्याला हीच मांडणी घातक ठरते: त्यांचे ओठ मऊ असतात, ताठ काठीने ते फाटतात, म्हणून तेथे लवचीक काठी आणि थोडी ताणणारी एकेरी दोरी योग्य. साहित्य महाग की स्वस्त हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो.

नवख्याला बुचकळ्यात टाकणारी एक बाब येथेच स्पष्ट करावी. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो, म्हणजे १० क्रमांकाचा गळ ६ क्रमांकापेक्षा लहान. मात्र १ च्या पुढे मोजणी उलटते आणि १/०, २/०, ३/० असे गळ मोठे होत जातात. पेंडीच्या गोळ्याला ६ ते १० क्रमांकाचे गळ पुरतात, मरळीच्या बेडकाला १/० च्या पुढचे लागतात. गळाच्या टोकामागचा उलटा दाता माशाला निसटू देत नाही. मासा सोडून द्यायचा असेल तर तो पक्कडीने दाबून सपाट करावा.

ऋतूचा विचार या जिल्ह्यात इतर कोठल्याही विचारापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचे पाणी तलावात उतरते तेव्हा मासा डोळ्यांवर विसंबून राहत नाही, वासाचे किंवा पाणी हलवणारे आमिष लागते. हिवाळ्यात पाणी निवळते आणि थंड होते, माशांची भूक मंदावते, गोळा लहान व दोरी बारीक करावी लागते. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यापर्यंत, म्हणजे दरवाज्याच्या पातळीखाली उरणाऱ्या तळाच्या पाण्यापर्यंत, उतरते. सगळे मासे एका डबक्यात गोळा होतात आणि कोणत्याही आमिषाला पटकन लागतात. हा मोसम सोपा वाटतो, पण गळकऱ्याने येथे हात आखडता घ्यायला हवा, कारण या डबक्यात उरलेल्या मूळच्या माशांवरच पुढच्या पावसाळ्यातील त्यांची संतती अवलंबून असते. राहू-कटल्याचे बीज पुन्हा सोडता येते. मरळीचे बीज या तलावांत सहसा कोणी सोडत नाही.

याच कारणाने हा विषय आज तातडीचा झाला आहे. रीळ, दोरी आणि रबरी बेडूक घरपोच मिळू लागल्यापासून गळकऱ्यांची संख्या वाढली, पण ज्ञान त्या वेगाने पोचले नाही. पावसाळ्यात मरळीची नारिंगी-लाल पिल्ले पृष्ठभागावर दाट पुंजका करून फिरतात आणि त्यांच्याखाली आई-बाप राखण करत असतात. त्या पुंजक्यात बेडूक टाकला तर राखण करणारा मासा भुकेने नव्हे, रागाने झडप घालतो. ही सर्वांत सोपी मरळ, आणि तिच्याबरोबर सारी पिल्ले काही तासांत इतर माशांच्या पोटात जातात. त्यातच चिलापीने अनेक तलाव व्यापले आहेत. नर काठच्या उथळ चिखलात खड्डे करतो, मादी पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची वाढ रोखणे अवघड. चिलापी गळाने हवी तितकी धरावी, मरळीला विणीच्या दिवसांत हात लावू नये: आमिष निवडणे म्हणजे तलावात कोणता मासा राहील हे निवडणे, असा या पुस्तकाचा सूर आहे. स्फोटके व विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले होते, त्याविषयी येथे अधिक लिहिण्याची गरज नाही.

प्रस्तुत पुस्तकाने तीनही संप्रदायांना एकाच काठावर आणून बसवण्याचा प्रयत्न केला आहे. त्यात परदेशी साहित्याची जाहिरात नाही आणि जुने ते सोने असा आग्रहही नाही. प्रत्येक आमिषाला एकच प्रश्न विचारला आहे, की या तलावात, या महिन्यात, या माशाच्या तोंडाला ते का लागू पडावे. कोणत्या गावच्या तलावावर कोणता मासा हमखास मिळतो याची यादी मात्र जाणीवपूर्वक टाळली आहे, कारण अशा यादीने लहान तलाव एका हंगामात रिकामा होतो. समुद्री आणि डोंगरी नद्यांवरची मासेमारी, तसेच माशी-आमिषाची नाजूक कला, यांना येथे जागा दिलेली नाही. त्यांवर इतरत्र भरपूर लेखन आहे.

वाचकाने हे पुस्तक हाती घेऊन काठावर जाण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. जिल्ह्यातील बहुतेक तलावांचे मासेमारीचे हक्क स्थानिक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांनी पैसे मोजून बीज सोडलेले असते आणि त्यांच्या सभासदांचे घर त्यावर चालते. तेव्हा आधी त्या संस्थेकडे चौकशी करून परवानगी घ्यावी, लागेल ते शुल्क द्यावे, आणि परतताना तंगुसाचा एकही तुकडा काठावर ठेवू नये, कारण तो कुजत नाही आणि पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांच्या व गुरांच्या पायांत अडकतो.